घट्ट गाळाला घाई चालत नाही

रात्री अकराला फोन आला, “सर, होज फुटला. खाली सगळा गाळच गाळ झालाय.” सिंगापूरमधल्या चोआ चू कांगच्या घरातून कारखान्यावर पोचेपर्यंत कारण माझ्या ध्यानात आलं होतं. अकरा दिवसांपूर्वी चूक मीच केली होती.

आमचा होज पंप सांडपाण्याचा गाळ फिल्टर प्रेसला पोचवतो. अर्धगोल वाकवलेला जाड रबरी होज आणि त्याला दाबत फिरणारे दोन शू, एवढाच त्याचा कारभार. शू पुढे गेला की मागचा होज पुन्हा गोल होतो आणि नवा गाळ ओढतो. गाळाला फक्त रबराचा स्पर्श होतो. म्हणून त्यात वाळू चालते आणि पॉलिमरने जमवलेले नाजूक पुंजकेही फारसे फुटत नाहीत. 1953 साली जॉन गिबन यांच्या हृदय-फुप्फुस यंत्रात रक्त फिरवलं ते याच तत्त्वाच्या रोलर पंपांनी.

अकरा दिवसांपूर्वी गाळ नेहमीपेक्षा घट्ट होता आणि प्रवाह घटला होता. मी वेग जवळजवळ दुप्पट केला. प्रवाह वाढला नाही, पाइप मात्र धडधडू लागला. शूचा दाब कमी पडतोय असं समजून मी शूखाली एक शिम, म्हणजे पातळ पत्रा, वाढवली. खरं तर वेग वाढवला की शिमा कमी करायच्या असतात.

फुटलेला होज मी दुसऱ्या दिवशी कापून पाहिला. आतलं रबर जवळजवळ नव्यासारखं होतं. पण दाबताना जिथे घडी पडते त्या दोन्ही कडांना चिरा गेल्या होत्या आणि बाहेरची बाजू उष्णतेने कडक झाली होती. दोष होता सक्शनमध्ये, म्हणजे गाळ ओढणाऱ्या बाजूला. लांब, अरुंद पाइपच्या तळाला गाळ बसून अर्धी वाट बुजली होती. काकवीची बाटली कितीही हलवा, काकवी आपल्याच चालीने येते; घट्ट गाळाचंही तसंच. होज भरायच्या आतच दुसरा शू त्याच्यावर येत होता.

म्हणून सांगतो. प्रवाह घटला तर वेगाला हात लावण्याआधी सक्शन तपासा. पाइप आखूड आणि ऐसपैस ठेवा. घट्ट पदार्थाला मोठा पंप घ्या आणि तो सावकाश चालवा. शिमा उत्पादकाच्या तक्त्याप्रमाणेच घाला. पंप चालू असताना डिस्चार्जचा व्हॉल्व्ह कधीही बंद करू नका. दाब वाढत जाऊन होज फुटतो. पंप थांबवण्याआधी पाइप पाण्याने धुऊन घ्या. होज फुटताच मोटर बंद करणारा फ्लोट स्विच बसवा. आमच्याकडे तो नव्हता, म्हणून गाळ जमिनीवर आला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. त्या रात्री मी पोचलो तेव्हा मदतनीस पंपाचं कव्हर काढायला वाकला होता. मी त्याला आधी मागे ओढलं, पंखे लावले, वायू मोजला आणि मगच पाना हातात घेऊ दिला. साचलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. मे 2024 मध्ये चोआ चू कांगच्याच जलशुद्धीकरण केंद्रात टाकीची सफाई चालू असताना या वायूची तीन कामगारांना बाधा झाली. त्यातला भारतातून आलेला एकजण दगावला.

होज दुसरा मिळतो. आता आमच्या सक्शन पाइपवर व्हॅक्यूम गेज आहे आणि पंपाशेजारी वायुमापक टांगलेला आहे. दोन्ही पाहिल्याशिवाय कोणी पंपाला हात लावत नाही. मीसुद्धा नाही.