पासपोर्ट फोटोचं काउंटर: फोटोशॉपमधल्या कामाच्या कळा

परवाच्या व्हिडिओत मी पासपोर्ट फोटोचं शीट हात चालवून दाखवलं, पण व्हिडिओ थांबवून-थांबवून कळा लिहून घेणं त्रासाचं असतं. म्हणून तेच इथे सविस्तर लिहून देतोय. ज्यांना झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि अर्जंट फोटो असं छोटं दुकान टाकायचं आहे किंवा टाकलेलं आहे, त्यांनी हा लेख समोर ठेवून कॉम्प्युटरवर बसावं. नुसता वाचून उपयोग नाही.

आधी थोडा हिशोब करू. समजा, एका गिऱ्हाइकाचा फोटो काढण्यापासून शीट प्रिंटला पाठवेपर्यंत तुम्हाला १२ मिनिटं लागतात. माउसने मेनू उघडायचा, खाली जायचं, चुकीचं उघडलं, परत जायचं, असं चालतं. तेच काम कळांनी ५ मिनिटांत झालं तर दर गिऱ्हाइकामागे ७ मिनिटं वाचली. जून महिन्यात, ॲडमिशनच्या दिवसांत २५ गिऱ्हाइकं आली तर १७५ मिनिटं होतात. म्हणजे तीन तासांना पाचच मिनिटं कमी! आणि काउंटरवर चार माणसं उभी दिसली की पाचवा माणूस दुकानात शिरतच नाही, समोरच्या दुकानात जातो. तो गेलेला तुम्हाला दिसतही नाही. खरं नुकसान तिथे आहे.

इंटरनेटवर शंभर-दीडशे शॉर्टकटची यादी मिळते. ती प्रिंट काढून भिंतीला लावू नका. मी अनेक दुकानांत अशी पिवळी पडलेली यादी बघितली आहे, आणि तिच्या खालीच मालक माउसने मेनू शोधत बसलेला असतो. आपल्या कामाला ज्या क्रमाने पायऱ्या लागतात, त्या क्रमाने कळा शिका. पासपोर्ट फोटोला मोजून दहा-बारा लागतात.

चला, फोटो घेण्यापासून सुरू करू. पांढऱ्या पडद्यापासून माणसाला दोन-तीन फूट पुढे बसवा. भिंतीला चिकटून बसवलं की मागे सावली पडते, आणि ती सावली पुसण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात दुसरा फोटो होतो. सॉफ्टवेअरमधली सगळ्यात मोठी युक्ती म्हणजे सॉफ्टवेअरला काम कमी देणं, हे माझं ठाम मत आहे.

फोटो उघडला की पहिली गोष्ट म्हणजे प्रत. इमेज मेनूमधलं डुप्लिकेट घ्या आणि मूळ फाईल बंद करा. नाहीतर सवयीने कंट्रोल + एस दाबलं जातं आणि मूळ फोटोच्या जागी कापलेला फोटो बसतो. गिऱ्हाईक आठ दिवसांनी येऊन "अमेरिकेच्या व्हिसासाठी दोन इंची पाहिजे" म्हणालं, तर खांद्याचा भाग आणायचा कुठून?

आता क्रॉप. सी दाबा. वरच्या पट्टीत रुंदी ३५ एमएम, उंची ४५ एमएम आणि रिझोल्यूशन ३०० असं लिहा. आकड्यासोबत 'एमएम' टाईप केलं की फोटोशॉप स्वतःच समजून घेतं, एकक बदलायला कुठे जावं लागत नाही. हा आकार प्रीसेट म्हणून सेव्ह करून ठेवा. पॅन कार्डच्या कागदी अर्जाला २५ बाय ३५ एमएम लागतो, अमेरिकेच्या व्हिसाला २ बाय २ इंच. तिन्ही प्रीसेट एकदा करून ठेवले की पुन्हा आकडे लिहायचे नाहीत. चौकट डोक्यावर बसवा आणि एंटर.

उजेड कमी वाटला तर कंट्रोल + एल, म्हणजे लेव्हल्स. खाली तीन छोटे त्रिकोण दिसतात. उजवीकडचा पांढरा त्रिकोण डावीकडे, जिथे डोंगरासारखा आलेख सुरू होतो तिथपर्यंत आणा. फोटो उघडतो. मधल्या त्रिकोणाने चेहऱ्याचा उजेड थोडा वर-खाली होतो. ट्यूबलाइटमुळे चेहरा हिरवट आला असेल तर कंट्रोल + बी, म्हणजे कलर बॅलन्स, आणि हिरव्याकडून मॅजेंटाकडे थोडंसं सरकवा. थोडंसं म्हणजे खरंच थोडंसं.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. "जरा गोरा करा ना" असं सांगणारं गिऱ्हाईक रोज येणार. फॉर्मला लावायच्या फोटोत हे करू नका. तीळ, व्रण, चेहऱ्याची ठेवण यांनाही हात लावायचा नाही. तो ओळखीचा फोटो आहे, परीक्षा केंद्रावर फोटो आणि माणूस समोरासमोर बघितला जातो. पोरीचं वर्ष तुमच्या ब्रशमुळे अडकलं तर? गोड बोलून सांगा, "ताई, हा सरकारी कामाचा आहे, घरी लावायला वेगळा छान करून देतो." बऱ्याचदा त्यातून दुसरं कामही मिळतं.

बॅकग्राउंड साफ करायची असेल तर नव्या आवृत्त्यांमध्ये सिलेक्ट मेनूत 'सिलेक्ट सब्जेक्ट' आहे. माणूस आपोआप निवडला जातो. मग कंट्रोल + शिफ्ट + आय दाबलं की निवड उलटी होते, म्हणजे आता मागचा भाग निवडलेला. डी दाबा, म्हणजे रंग मूळ काळा-पांढरा होतो. मग कंट्रोल + बॅकस्पेस, मागचा भाग पांढरा भरला जातो. शेवटी कंट्रोल + डी, निवड गेली. वाचायला लांब वाटतं, पण हाताला बसलं की पाच सेकंदांचं काम आहे. केसांच्या कडा कातरल्यासारख्या दिसल्या तर कंट्रोल + झेडने मागे या, आणि निवड उलटी केल्यावर, रंग भरायच्या आधी, शिफ्ट + एफ ६ दाबून फेदर १ पिक्सेल द्या. जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा: २०१९ च्या आवृत्तीआधी कंट्रोल + झेड एकच पायरी मागे जायचं, आणखी मागे जायला कंट्रोल + ऑल्ट + झेड लागायचं.

शर्टवर धागा, पडद्यावर डाग असेल तर जे दाबून हीलिंग ब्रश. ब्रश लहान-मोठा करायला चौकोनी कंसाच्या दोन कळा: [ ने लहान, ] ने मोठा. जवळून बघायला कंट्रोल + १, पूर्ण फोटो बघायला कंट्रोल + शून्य. स्पेस बार दाबून धरला की हात येतो, फोटो ओढून सरकवता येतो. या चार गोष्टी डाव्या हाताला एवढ्या बसल्या पाहिजेत की त्या करताना गिऱ्हाइकाशी बोलता आलं पाहिजे.

आता शीट. बरेच जण एक-एक फोटो कॉपी-पेस्ट करून ओळीत लावतात आणि एखादा वाकडा जातो. कटरवर कापताना मग रडगाणं. त्यापेक्षा असं करा. तयार फोटोवर कंट्रोल + ए, एडिट मेनूमधून स्ट्रोक, २ पिक्सेल, काळा, इनसाइड. कापायची रेघ झाली. मग कंट्रोल + ऑल्ट + सी, म्हणजे कॅनव्हास साइज. 'रिलेटिव्ह'वर टिक करा आणि रुंदी-उंची दोन्हीत २० पिक्सेल लिहा. रंग पांढरा. फोटोभोवती पांढरी जागा आली. ३५ बाय ४५ एमएमचा फोटो ३०० रिझोल्यूशनला ४१३ बाय ५३१ पिक्सेल असतो, आता तो ४३३ बाय ५५१ झाला. एडिट मेनूमधून डिफाइन पॅटर्न, ओके.

मग कंट्रोल + एन, नवी फाईल: रुंदी १७३२ पिक्सेल, उंची ११०२, रिझोल्यूशन ३००. हे आकडे कुठून आले? ४३३ गुणिले ४ आणि ५५१ गुणिले २. शिफ्ट + एफ ५ दाबा, पॅटर्न निवडा, यादीतला शेवटचा घ्या, ओके. आठ फोटो एका रेषेत, केसाइतकाही फरक नाही. आता पुन्हा कंट्रोल + ऑल्ट + सी, यावेळी 'रिलेटिव्ह'ची टिक काढून रुंदी ६ इंच, उंची ४ इंच. शीट कागदाच्या बरोबर मधोमध बसतं आणि चारही बाजूंना प्रिंटरसाठी जागा राहते. प्रिंट देताना 'स्केल टू फिट'ची टिक काढून स्केल १०० टक्के ठेवा, नाहीतर ३५ एमएमचा फोटो ३३ चा होऊन बाहेर येतो आणि तुम्ही फोटोशॉपला दोष देत बसता. पहिलं शीट निघालं की पट्टीने मोजा.

याच्या पुढची पायरी म्हणजे ॲक्शन. ऑल्ट + एफ ९ दाबलं की ॲक्शनची खिडकी उघडते. नवी ॲक्शन करताना तिला एफ २ ते एफ १२ मधली एखादी कळ देता येते. रेकॉर्ड चालू करा, स्ट्रोकपासून ६ बाय ४ पर्यंतच्या सगळ्या पायऱ्या एकदा शांतपणे करा, मग थांबवा. उद्यापासून क्रॉप आणि उजेड तुमच्या डोळ्यांनी, बाकी एका कळीवर. एकच खबरदारी: पॅटर्न भरण्याची पायरी जशीच्या तशी सोडली तर ॲक्शन दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या शीटवर पहिल्याचा चेहरा भरू शकते. म्हणून त्या पायरीच्या डावीकडे डायलॉगचा जो छोटा चौकोन असतो तो चालू करा. ॲक्शन तिथे थांबते, तुम्ही शेवटचा पॅटर्न निवडता, ओके म्हणता, ती पुढे जाते.

त्यावरूनच आठवलं. पॅटर्नच्या यादीत दिवसभरातल्या सगळ्या गिऱ्हाइकांचे चेहरे साठत जातात. फोल्डरमधून फोटो डिलीट केला तरी ते तिथे राहतातच. संध्याकाळी दुकान बंद करताना यादी उघडून ते काढून टाका. कुणाच्या मुलीचा फोटो तुमच्या कॉम्प्युटरवर वर्षभर पडून राहायचं काही कारण नाही. कुणाला फाईल जपून ठेवायची असेल तर त्यांना विचारूनच ठेवा.

ऑनलाइन फॉर्मचा त्रास वेगळा असतो. तिथे एमएम चालत नाही, पिक्सेल आणि केबी लागतात. बँकेच्या आयबीपीएस परीक्षेचं उदाहरण घ्या: फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी; सही १४० बाय ६० पिक्सेल, १० ते २० केबी. दर परीक्षेची जाहिरात वेगळी असते, ती उघडून बघायचीच. लोक क्वालिटी कमी-जास्त करत, सेव्ह करत, साइज बघत बसतात. त्याऐवजी कंट्रोल + ऑल्ट + शिफ्ट + एस दाबा. 'सेव्ह फॉर वेब' उघडेल. वर उजव्या कोपऱ्यात प्रीसेटच्या शेजारी एक छोटा मेनू आहे, त्यात 'ऑप्टिमाइझ टू फाईल साइज'. तिथे ४५ लिहा. फोटोशॉप स्वतःच क्वालिटी जुळवून ४५ केबीच्या आत बसवतं. त्यात फाईल २० च्याही खाली गेली तर क्वालिटीचा आकडा हाताने वाढवा.

कळा चालेनाशा झाल्या तर घाबरू नका, दोन कारणं तपासा. एक, टाईप टूल चालू असेल तर व्ही दाबल्यावर फोटोवर व्ही उमटतो. कंट्रोल + एंटर दाबा, मजकूर पक्का होतो, मग कळा चालतात. दुसरं आपल्याकडे नेहमी होणारं: बॅनरसाठी मराठी कीबोर्ड चालू केलेला असतो आणि तो तसाच राहतो. विंडोजची कळ + स्पेस दाबून इंग्रजीवर या. आणि बॅनरमध्ये युनिकोड मराठीची जोडाक्षरं तुटत असतील तर प्रेफरन्सेसमध्ये टाईपच्या पानावर 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' किंवा नव्या आवृत्तीत 'वर्ल्ड-रेडी' हा पर्याय निवडून फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा.

राहिला कमेंटमध्ये सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न: "सर, फोटोशॉप फुकट कुठे मिळेल?" कुणीतरी पेनड्राइव्हवरून टाकून दिलेलं चोरीचं सॉफ्टवेअर धंद्याच्या कॉम्प्युटरवर नको. त्यासोबत व्हायरस आला तर फोटोच नाही, गिऱ्हाइकांची कागदपत्रंही धोक्यात येतात. अ‍ॅडोबीने २०१३ पासून नव्या आवृत्त्या सबस्क्रिप्शनवर आणल्या, एकदाच पैसे भरून विकत घेणं बंद झालं. धंदा बसेपर्यंत दर महिन्याचा खर्च नको असेल तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी वापरा. जाहिराती दिसतात, पण पैसे लागत नाहीत, आणि मेनू व बहुतेक कळा फोटोशॉपसारख्याच आहेत. कंट्रोल + टी, कंट्रोल + एन आणि कंट्रोल + डब्ल्यू मात्र ब्राउझर स्वतःकडे ठेवतो, त्या कामांच्या कळा मेनूत नावासमोर लिहिलेल्या असतात त्या बघून घ्या. घाईत कंट्रोल + डब्ल्यू दाबलंत तर टॅबच बंद होईल, म्हणून थोड्या-थोड्या वेळाने फाईल सेव्ह करत जा.

या आठवड्याचं काम सांगतो. घरातल्या माणसाचा फोटो काढा, मोबाईलवर स्टॉपवॉच लावा आणि आज जसं करता तसं एक शीट करा. वेळ लिहून ठेवा. मग रोज पाच शीट, फक्त कळांनी. सातव्या दिवशी पुन्हा वेळ लावा आणि दोन्ही आकडे खाली कमेंटमध्ये लिहा. ज्यांचा वेळ कमी झाला नाही त्यांनी कुठल्या पायरीला अडकता ते लिहा. पुढच्या व्हिडिओत त्याच पायऱ्या घेऊ.