दुसऱ्या पर्यायाची जबाबदारी पालकांची

2024 च्या नीटसाठी देशभरातून 24 लाखांहून अधिक मुलांनी अर्ज भरले. त्या वर्षी एमबीबीएसच्या जागा होत्या सुमारे एक लाख दहा हजार, आणि सामान्य घराला फी झेपेल अशा सरकारी महाविद्यालयांतल्या जागा त्याच्या निम्म्याच्या आसपास. बावीस मुलांमागे एक जागा. उरलेल्या एकवीस जणांनी आणखी कितीही मन लावून अभ्यास केला असता, तरी जागा वाढल्या नसत्या. गणित इतके उघड असूनही अकरावीला पीसीबी घेतलेल्या मुलांच्या घरांत दोन वर्षांचे वेळापत्रक, क्लासची फी, टेस्ट सिरीज, मोबाइल कधी काढून घ्यायचा इथपर्यंत सगळे ठरलेले असते. प्रवेश मिळाला नाही तर काय, एवढेच ठरलेले नसते. तो विषय काढणेसुद्धा अभद्र मानले जाते. मुलांच्या ताणाबद्दल बोलायची वेळ आली की आपण योगासने, ध्यान, छंद आणि ‘टेन्शन घेऊ नकोस’ या वाटेने जातो. त्या गोष्टींचा उपयोग होतो, पण त्या मुळाशी पोहोचत नाहीत. या ताणाचा मोठा भाग अभ्यासाच्या ओझ्यातून येत नाही. ही परीक्षा गेली तर पुढे काहीच नाही, या समजुतीतून येतो. ती समजूत मोडण्याचे काम पालकांचे आहे, आणि ते निकालाच्या बरेच आधी करायचे आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांचे आत्महत्येने मृत्यू झाले. त्यांतले 1,764 महाराष्ट्रातले होते, राज्यांमध्ये सर्वांत जास्त. या प्रत्येक मृत्यूमागे परीक्षाच होती असे म्हणणे चुकीचे ठरेल. आजार, घरातले कलह, तुटलेली नाती, जातीवरून झालेला अपमान, परक्या शहरातले एकटेपण अशी अनेक कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. पण ‘ते कोट्याला घडते, आपल्याकडे नाही’ हा दिलासा या आकड्यापुढे टिकत नाही. लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर, पुणे इथल्या क्लासेसच्या गल्ल्यांत आणि इंटिग्रेटेड कॉलेजांत तेच वेळापत्रक चालते आणि तीच भीती वस्तीला असते.

दहा-दहा तास वाचून येणारा थकवा चांगल्या झोपेने उतरतो. भीतीचे तसे नसते. रविवारची टेस्ट घ्या: 180 प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलेल्याला वजा एक. संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुणांची यादी येते. मुलगी बसमधून उतरून घरी पोहोचायच्या आत वडिलांनी तिचे नाव शोधलेले असते, वर किती जण आहेत ते मोजलेले असते आणि मागच्या आठवड्याची यादी काढून तुलनाही झालेली असते. जेवायला बसल्यावर कुणी रागावत नाही, फक्त विचारतात, “फिजिक्सला काय झालं गं?” त्या एका वाक्यात तिला आपल्या सगळ्या आयुष्याचा निकाल ऐकू येतो, कारण या गुणांखेरीज आयुष्याची दुसरी मांडणी तिच्यासमोर कुणी केलेलीच नसते. पुढच्या रविवारी ती येत असलेला प्रश्नही घाईने चुकीचा वाचते. चिंता मेंदूतली हाताशी ठेवलेल्या माहितीची जागा व्यापते आणि आकडेमोडीला ती जागा अपुरी पडते, हे मानसशास्त्रातल्या प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसलेले आहे. पालक मात्र त्याचा अर्थ ‘लक्ष नाही’ असा लावतात.

शिवाय ज्या आकड्याला आपण मुलाची किंमत समजतो, तो आकडा किती डळमळीत आहे, हे गेल्या काही निकालांनी दाखवून दिले आहे. 2024 मध्ये नीटला 650 हून अधिक गुण मिळवणारी मुले सुमारे तीस हजार होती आणि सुधारित निकालातही 17 जणांना 720 पैकी 720 होते. 2025 चा पेपर कठीण निघाला. देशातला सर्वोच्च गुणांक 686 होता आणि 650 च्या वर गेलेली मुले शंभरसुद्धा नव्हती. एका वर्षात मुलांची बुद्धी घटली नाही की मेहनत आटली नाही, पेपर बदलला. गुणांवरून मुलाला जोखणाऱ्या प्रत्येक पालकाने हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी सुकदेब साहा प्रकरणात दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, गुणांवरून मुलांच्या वेगळ्या बॅच पाडू नयेत, त्यांना चारचौघांत कमी लेखू नये आणि शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असे सांगितले आहे. प्रवेश घेताना क्लासच्या कार्यालयात ‘समुपदेशक कोण आहेत, ते कधी भेटतात?’ एवढे विचारण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर तो क्लास निकालाच्या जाहिरातीत कितीही चमकत असला तरी मी तरी तो निवडायला सांगणार नाही.

आता दुसऱ्या पर्यायाकडे. बहुतेक घरांत ‘निकाल लागू दे, मग बघू’ असे म्हणतात, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. 2025 मध्ये नीट 4 मे रोजी झाली आणि निकाल 14 जूनला लागला. पण बी.फार्म. आणि कृषी पदवीसाठी लागणारी एमएचटी-सीईटी एप्रिलमध्येच होऊन गेली होती आणि तिच्या अर्जांची मुदत त्याच्याही आधी संपली होती. बी.एस्सी. नर्सिंगला राज्याची वेगळी सीईटी आहे. जीवशास्त्राची खरी ओढ असलेल्या मुलाला पुण्यासह सात ठिकाणी असलेल्या आयसरच्या संस्था खुल्या असतात. त्यांची स्वतंत्र अभियोग्यता चाचणी असते आणि तिचे अर्जही नीटच्या निकालाची वाट पाहत नाहीत. बीएएमएस, बीएचएमएस आणि पशुवैद्यकीय प्रवेश नीटच्याच गुणांवर होतात, पण त्यांच्या प्रक्रिया वेगळ्या, तारखा वेगळ्या, कागदपत्रे वेगळी. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे राज्यात आहेत, आणि पीसीबीच्या अनेक मुलांनी त्यांतले एकही पाहिलेले नसते. म्हणजे जूनमध्ये ‘आता काय?’ म्हणत बसलेल्या घराकडे पर्याय कमी असतात, ते मुलगा कमी पडला म्हणून नव्हे. फेब्रुवारीत कुणी अर्ज भरले नाहीत म्हणून. मग ‘ड्रॉप घे’ हा एकच मार्ग उरतो, आणि तो विचार करून निवडलेला नसतो. जेईई ॲडव्हान्स्डला लागोपाठच्या दोन वर्षांत दोनच संधी असतात, नीटला अशी मर्यादा नाही. त्यामुळे किती वेळा बसायचे ही रेषा घरानेच आखावी लागते. ती अकरावीत आखलेली बरी. हरल्यावर आखलेली रेषा मुलाला शिक्षेसारखी वाटते.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. दुसरी वाट दाखवली की मूल पहिल्या वाटेवर ढिले पडते, असे क्लासवाले सांगतात आणि पालकांनाही मनातून तसेच वाटते. हा आक्षेप हवेतला नाही. जिहे शिन आणि कॅथरीन मिल्कमन या संशोधकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्यांना पर्यायी योजना आखायला सांगितले त्यांची मूळ कामातली कामगिरी थोडी खालावली, कारण मूळ ध्येयाची ओढच कमी झाली. पण त्या प्रयोगांत पर्याय शोधण्याचे काम त्याच माणसांना दिले होते. घरात कामाची वाटणी करता येते. अर्जांच्या तारखा, फी, वसतिगृह, मागच्या वर्षीचे कटऑफ, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, डोमिसाइल हे सगळे आई-वडिलांनी पाहावे, फाइल करून ठेवावी आणि मुलाला एकदा शांतपणे सांगावे की, ‘हे आम्ही बघतोय, हे शिक्षण आम्हाला मनापासून चालेल, तू आता तुझा अभ्यास कर.’ नंतर रोज त्याची चर्चा नको. मुलाने पर्यायाचा अभ्यास करायचा नाही, पर्याय आहे एवढे त्याला ठाऊक हवे. यात आणखी एक फायदा आहे, ज्याचा विचार आपण करत नाही. पालकांच्या काळजीला करायला काही काम नसते म्हणून ती दर रविवारी मुलाच्या गुणांवर जाऊन बसते. तिला तारखांचे आणि दाखल्यांचे खरे काम मिळाले, तर ती तिथून थोडी उठते. एक अट मात्र पाळावीच लागते. मावशीच्या मुलाने कृषीला प्रवेश घेतल्यावर घरात ‘बिचारा’ असा शब्द निघाला असेल, तर तुमच्या फाइलवर तुमचे मूल विश्वास ठेवणार नाही.

दबाव नसेल तर मुले अभ्यासच करणार नाहीत, हा दुसरा आक्षेप लवकर निकालात काढता येतो. थोडी धाकधूक उपयोगी असते, फार झाली की कामगिरी ढासळते, हे 1908 पासून, यर्क्स आणि डॉडसन यांच्या प्रयोगांपासून, चर्चेत असलेले निरीक्षण आहे. 24 लाख मुलांच्या स्पर्धेत उतरलेल्या मुलाला लागणारी धाकधूक ती स्पर्धाच पुरवते. घराने तिच्यात भर घालायची गरज नाही. त्यापेक्षा झोप सांभाळा. या वयात आठ ते दहा तास झोप लागते, आणि दिवसभर वाचलेले स्मरणात पक्के होण्याचे बरेच काम झोपेतच होते. पहाटे चारला उठवून मिळवलेले दोन तास त्याच कामातून कापून घेतलेले असतात.

‘पर्याय श्रीमंतांना असतात’ हा तिसरा आक्षेप मात्र मनाला लागतो, कारण तो खरा आहे आणि अपुराही. ज्याने शेत गहाण ठेवून किंवा पतसंस्थेचे कर्ज काढून लातूरची दोन वर्षांची फी भरली, त्याच्या मुलाच्या डोक्यावर ते कर्ज अभ्यासाच्या टेबलापाशीही बसलेले असते. अशा घरात पैशाबद्दल मौन पाळणे सर्वांत घातक. मुलाला सगळे कळत असते, फक्त विचारता येत नाही. किती खर्च केला, किती फेडायचे आहे आणि ते कसे फेडणार हे मोकळेपणाने सांगावे. हे कर्ज तुझ्या गुणांतून नाही, आमच्या कमाईतून फिटणार आहे, हेही सांगावे. इंटिग्रेटेडवर सगळी पुंजी लावण्याआधी पुढच्या चार वर्षांच्या पदवीसाठी पैसे बाजूला काढावेत. मुलींसाठी राज्य सरकारने 2024-25 पासून, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. ही सवलत माहीत नसल्यामुळे मुलीला बारावीनंतर थांबवणारी घरे आजही असतील, याचे फार वाईट वाटते.

हे सगळे केले तरी एक गोष्ट उरते. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर चांगला पर्याय हा इलाज नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप आणि जेवण बिघडलेले असेल, मित्रांशी बोलणे बंद झाले असेल, ‘मी तुमच्यावर ओझं आहे’ असे शब्द येत असतील, तर ते परीक्षेपर्यंत पुढे ढकलू नये. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे थेट विचारल्याने तो विचार डोक्यात घुसतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने मुलाला बोलायला जागा मिळते. केंद्र सरकारची टेली-मानस ही मदतवाहिनी ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. तिचा क्रमांक 14416, ती चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते. पालकांनाही स्वतःसाठी तिथे फोन करता येतो. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, आणि मनोविकारतज्ज्ञाने गोळ्या सुरू केल्या तर ‘अभ्यासात गुंगी येईल’ म्हणून त्या परस्पर बंद करू नयेत. डॉक्टरांशी बोलून मात्रा बदलता येते. गरज असेल तर त्या वर्षीची परीक्षा सोडताही येते. परीक्षा पुढच्या मे महिन्यात पुन्हा असतेच, आणि तोवरच्या वर्षासाठी काय करायचे, ते पालकांच्या फाइलमध्ये लिहून ठेवलेले असावे.