मान वळते का, ते बघा

ठाण्यात मामलेदार कचेरीजवळ मिसळ खात होतो. टेंभी नाक्यावर राहणारे एक गृहस्थ समोर येऊन बसले, रश्श्याचा हात रुमालाला पुसला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. मुलगा तेरा वर्षांचा. आंतरशालेय स्पर्धेतला व्हिडिओ, कोणीतरी कापूनकुपून पाऊण मिनिटाचा केलेला, वर ढॅणढॅण संगीत.

"सर, मिडफिल्डला खेळतो. अख्ख्या स्पर्धेत दोनच गोल. शाळेतले सर म्हणतात पोरगा हुशार आहे. मला तर काहीच दिसत नाही. आठवी-नववीत क्लास लावायचा की फुटबॉल, एवढं सांगा."

मी म्हटलं, "यात बॉल पायाशी असतानाच दिसतोय तो. बॉल नसतो तेव्हा काय करतो?"

"काही नाही. उभा असतो."

"उभा असतो की बघत असतो?"

ते जरा थांबले. "मान फिरवत असतो सारखी. कोणी हाक मारल्यासारखा मागे बघतो. रागावतो मी त्याला. म्हटलं, लक्ष बॉलवर ठेव!"

माझा पाव हातातच राहिला. मधल्या फळीतल्या पोराची जी खूण शोधत आम्ही मैदानाच्या कडेला उन्हात उभे राहतो, ती या घरात आयती होती आणि बापच ती मोडायला निघाला होता.

नव्वद मिनिटांच्या सामन्यात एका खेळाडूच्या पायाशी चेंडू जेमतेम दोन-तीन मिनिटं असतो. बाकीचा वेळ तो चेंडूविना धावतो, थांबतो, जागा बदलतो. स्ट्रायकरला गोलकडे तोंड करून खेळता येतं, बचावपटूला सगळं मैदान समोर दिसतं. मिडफिल्डरच्या मात्र चारी बाजूंनी माणसं. नवरात्रात नाक्यावरून वाट काढताना पुढच्याच्या पाठीकडे बघत चालणारा अडकतो आणि दोन माणसांपलीकडची फट हेरणारा सुटतो, तसंच हे. नॉर्वेचे संशोधक गेइर यॉर्डेट यांनी इंग्लिश प्रीमियर लीगमधल्या ११८ खेळाडूंची चित्रणं तपासली, ती चेंडूमागे न धावता एकेका खेळाडूवर रोखलेली. पास मिळण्याआधी जे जास्त वेळा मान वळवून आजूबाजूला बघत होते, त्यांचे पुढचे पास जास्त नेमके जात होते. बार्सिलोनाचा झावी यासाठीच प्रसिद्ध होता.

तेव्हा पालकांनो, गोलांची वही मिटा. पुढच्या सामन्याला मोबाइल फक्त आपल्या मुलावर धरा, चेंडू कुठेही असो. दहा मिनिटं पुरेत. घरी येऊन व्हिडिओ सावकाश लावा आणि चेंडू त्याच्याकडे येण्याआधीच्या पाच-सहा सेकंदांत मान किती वेळा वळली, ते मोजा. मग चेंडू घेताना त्याचं अंग कसं आहे ते पाहा. पास देणाऱ्याकडे सरळ तोंड करून घेतो की अर्धवट वळलेला राहून लांबच्या पायावर घेतो? लांबच्या पायावर घेणाऱ्याचा पहिला स्पर्शच त्याला पुढे काढतो. सरळ उभा राहणारा दोन स्पर्श वळण्यात घालवतो, तोवर अंगावर माणूस येतो. चेंडू गमावल्यावर तो कपाळाला हात लावतो की तिथल्या तिथे उलटा धावतो, हेही बघा.

आणखी एक कसोटी आहे, तिला मोबाइलही लागत नाही. आपला संघ मागे कोंडला गेला की बचावपटू कोणाच्या नावाने ओरडतात, ते ऐका. पोरं तोंडदेखलं कौतुक करत नाहीत. गळ्याशी आल्यावर ती त्यालाच हाक मारतात जो चेंडू सांभाळेल. तुमच्या मुलाचं नाव तीन-चार वेळा कानावर पडलं, तर पाऊण मिनिटाच्या व्हिडिओपेक्षा ते मोलाचं.

टेंभी नाक्याची दहीहंडी ठाणेकरांना सांगायला नको. वर चढून हंडी फोडणाऱ्याचा फोटो छापून येतो. पण दुसऱ्या थरातला गोविंदा तोल कुठे सरकतोय हे खांद्यांनी ओळखून पाय रोवतो, म्हणून वरचा चढतो. मिडफिल्डर हा दुसऱ्या थरातला माणूस. त्याचं काम दिसत नाही म्हणून घरचेच त्याला 'गोल कर, गोल कर' करून स्ट्रायकर बनवायला जातात आणि एक बरा मिडफिल्डर हकनाक वाया जातो.

आता उंचीचं. तेरा-चौदा हे मुलग्यांचं झपाट्याने वाढण्याचं वय. एकाच वर्गात एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि दुसऱ्याला शाळेची पँट अजून सैल होते. त्यात वयोगटाची रेघ १ जानेवारीला. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात खेळतात, म्हणजे जवळजवळ वर्षाचा फरक. निवड समितीच्या नजरेत थोराड पोरगा भरतो आणि आईबापांना वाटतं आपलं संपलं. अहो, लुका मोद्रिचला हायदुक स्प्लिटने लहानखुरा म्हणून घेतलं नव्हतं. डिनामो झाग्रेबनेही त्याला आधी बोस्नियातल्या संघाकडे उसना धाडला. २०१८ चा बॅलन डी'ओर त्यालाच मिळाला. उलटी बाजूही असते आणि ती कोणी सांगत नाही: तेराव्या वर्षी नुसत्या धक्क्याने मधली फळी मोकळी करणारा पोरगा सोळाव्या वर्षी बाकीचे वाढले की गोंधळतो, कारण मान वळवायची गरजच त्याला कधी पडलेली नसते. म्हणून मी सोळा वर्षांआधी कोणाच्याही बाबतीत 'होणार' किंवा 'नाही होणार' असं म्हणत नाही. या काळात गुडघ्याखाली किंवा टाचेत दुखत असेल, तर ते नाटक समजू नका. वाढीच्या वयात हाडाच्या टोकाशी ताण येतो. डॉक्टरांना दाखवा, सराव कमी करा.

जन्मदाखल्यात खाडाखोड करून वय कमी दाखवण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्याला चहासुद्धा पाजू नका. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या (एआयएफएफ) लहान वयोगटांच्या स्पर्धांत मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढतात.

ठाण्यापुरतं एक सांगतो. घोडबंदर रोडला जाळीतले टर्फ झाले, पोरं तिथे पाच-पाच जण खेळतात. पाय चपळ होतात, हे खरं. पण तिथे चेंडू जाळीला आपटून परत येतो. पूर्ण मैदान १०५ मीटर लांब. एका बाजूला गर्दी झाली की उचलून चाळीस मीटर पलीकडे मोकळ्या माणसाला चेंडू द्यायचा, ही मिडफिल्डरची खरी विद्या जाळीत येत नाही. आठवड्यातून एकदा तरी मोठं मैदान हवं. म्हणून मग लोक मुंबई गाठतात. डोंबिवलीहून पहाटेची लोकल, आझाद मैदान, परत येऊन शाळा. पोरगं वर्गात पेंगतं आणि मैदानावरही. वाढत्या वयात झोप गेली की पाय जड होतात, नजर त्याआधी जाते. रोज तीन तास प्रवास करून नावाजलेल्या ठिकाणी जाण्यापेक्षा घराजवळचा बरा कोच घ्या. त्याच्याकडे एआयएफएफचं 'डी' किंवा आशियाई महासंघाचं (एएफसी) 'सी', 'बी' लायसन्स आहे का, हे विचारायला लाजू नका. क्लासच्या सरांची डिग्री विचारताच की.

पुढच्या वाटा मोजक्याच आहेत. जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या शालेय स्पर्धांतून सुब्रतो कपपर्यंत शाळेचा संघ जाऊ शकतो. घणसोलीला रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्सची निवासी अकादमी आहे, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने हाकेच्या अंतरावर, पण आत शिरणं अवघड, देशभरातून मुलं येतात. शासनाची क्रीडा प्रबोधिनी आहे. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव पुण्याच्या प्रबोधिनीतून वर आला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पण तो आघाडीच्या फळीतला खेळाडू. प्रबोधिनीच्या पहिल्या चाळणीत धावणं, उडी, चेंडूफेक असल्या चाचण्या असतात. त्यात पाय मोजले जातात, नजर नाही. मधल्या फळीतलं पोर तिथे मागे पडलं, तर तेवढ्यावरून निकाल लावू नका. त्याच विश्वचषकात भारताचा पहिला गोल करणारा जीकसन सिंग मिडफिल्डरच. तो संघात उशिरा आला. त्याच्या मिनर्व्हा अकादमीच्या संघाने सराव सामन्यात भारताच्याच संघाला हरवलं, तेव्हा निवडकर्त्यांचे डोळे उघडले.

पैशाचं गोड बोलणार नाही. २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) हंगामच वेळेवर सुरू होऊ शकला नाही आणि काही क्लबांनी पगार थांबवले. एअर इंडिया, महिंद्रा युनायटेड असे नोकरी किंवा पगार देणारे मुंबईचे संघ केव्हाच गेले. महिंद्राने २०१० मध्ये गाशा गुंडाळला. त्या दोन्ही संघांच्या मधल्या फळीत खेळलेला खालिद जमील दुखापतींनी बेजार झाला, मग कोच झाला, आयझॉलला २०१६-१७ ची आय-लीग जिंकून दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारताचा मुख्य प्रशिक्षक झाला. मैदान वाचता येणाऱ्याला खेळ सुटल्यावरही काम असतं. पण त्यासाठी परीक्षा द्याव्या लागतात, म्हणून दहावी-बारावी सोडू नका. खेळाडूंना बोर्डात सवलतीचे गुण मिळतात, शासकीय नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. मात्र कोणत्या पातळीवरची कोणती स्पर्धा त्यात धरली जाते, हे आधी क्रीडा कार्यालयात विचारा. प्रमाणपत्रांचा गठ्ठा घेऊन नंतर विचारणारे पालक मी पाहिलेत.

परदेशी क्लबच्या ट्रायलचे पैसे मागणारा भेटला, तर फिफाचा एक नियम त्याला ऐकवा: अठरा वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात नोंदणी होत नाही. अपवाद मोजके आहेत आणि ते बहुधा तुम्हाला लागू नाहीत. तो दुसऱ्या टेबलावर जाऊन बसेल.

मिसळवाले गृहस्थ क्लास की फुटबॉल हे विचारायला आले होते. मी म्हटलं, दोन्ही, आणि सातपैकी एक संध्याकाळ दोन्हींपैकी काहीच नाही. पुढच्या सोमवारी त्यांचा फोन आला.

"सर, मोजलं. दहा मिनिटांत बॉल नऊ वेळा आला. त्याआधी सत्तावीस वेळा मान वळली. आणि एक सांगू? रेकॉर्डिंग करताना नादात मीही मागे वळून बघितलं, म्हणून वाचलो. शेजारच्या क्रिकेटवाल्यांचा टेनिस बॉल थेट माझ्या पाठीवर येत होता."