वाचनाची आवड आहे? ती तर समितीलाही असते

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. तिथे सहायक ग्रंथपालाची जागा निघाली आहे. मी बी. ए. आहे, ग्रंथालयाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केलाय आणि वाचनाची आवड लहानपणापासूनची. पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे. घरचे हसतात. म्हणतात, पुस्तकं द्यायची नि घ्यायची, त्याला मुलाखत कसली? तिथे खरंच काय विचारतात?
– एक वाचक भगिनी

उत्तर : घरच्यांना आधी एक जुनी हकिकत सांगा. १९२३ साली मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाची जागा काढली. अर्ज आले नऊशेच्या घरात, पण ग्रंथालयाचं रीतसर शिक्षण घेतलेला त्यांत एकही नव्हता. एक अर्ज होता प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवणाऱ्या एस. आर. रंगनाथन यांचा. आपण अर्ज केलाय हेच ते विसरून गेले होते. बोलावणं आलं तेव्हा त्यांनी ब्रिटानिका विश्वकोशातला ग्रंथालयांवरचा लेख वाचून काढला आणि तेवढ्या शिदोरीवर मुलाखत दिली. नोकरी मिळाली. जानेवारी १९२४ मध्ये रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत इतके कंटाळले, की मला परत गणिताकडे पाठवा म्हणून मागे लागले. शेवटी तडजोड निघाली : आधी इंग्लंडला जाऊन तिथली ग्रंथालयं पाहा, तरीही नकोसं वाटलं तर गणिताची जागा तुमचीच. ते गेले, लंडनला शिकले, तिथली ग्रंथालयं चालताना पाहिली आणि परतले ते ग्रंथपाल होऊनच. दर वर्षी १२ ऑगस्टला आपण ग्रंथपाल दिन पाळतो, तो त्यांचा जन्मदिवस.

म्हणजे ज्यांना आपण गुरुस्थानी मानतो त्यांचीही तयारी एका लेखाची होती. तुमच्याकडे निदान प्रमाणपत्र आहे! पण त्यांचं मन पालटलं ते लेखाने नव्हे, चालतं ग्रंथालय बघून, हे लक्षात ठेवा. मुलाखतीआधी दोन दिवस त्या वाचनालयात जाऊन बसा. एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी कोण कोणाची वाट बघत ताटकळतं, देवघेवीच्या खिडकीशी गर्दी कधी होते, बालविभागाला कुलूप आहे का, हे बघून या. बाकीचे उमेदवार हे करत नाहीत, असा माझा अनुभव आहे. मी तीसेक वर्षं ग्रंथपाल होते आणि नंतर मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूलाही बसले.

समोर कोण बसलंय तेही ओळखून असा. सरकारी कार्यालयांतल्या खालच्या पदांच्या मुलाखती केंद्राने १ जानेवारी २०१६ पासून बंदच केल्या. तिथे आता लेखी परीक्षा. आपल्याकडची गावोगावची वाचनालयं मात्र संस्थांनी चालवलेली. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली शासन त्यांना मान्यता देतं, अ, ब, क, ड असा वर्ग ठरवतं, अनुदान देतं. पण नेमणूक करतं ते कार्यकारी मंडळ. तेव्हा टेबलापलीकडे असतील अध्यक्ष, कार्यवाह, कोषाध्यक्ष आणि बहुधा एक निवृत्त मास्तर. वाचनाची आवड आहे म्हणून सांगितलंत, तर ती त्यांनाही आहे, त्याशिवाय ते फुकट हे काम करत नाहीत. त्यांना हवंय ते खिडकीशी बसणारं, न चिडणारं माणूस.

माझी स्वतःची मुलाखत सांगते. कार्यवाहांनी पाच पुस्तकं माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "कुठल्या कपाटात जातील?" चार सोपी होती. मराठी साहित्याला ड्युईच्या दशांश पद्धतीत ८९१.४६, कविता, नाटक, कादंबरीला पुढचा आकडा, एवढं पाठ होतं. पाचवं निघालं इरावती कर्वे यांचं 'युगान्त'. मी म्हटलं, महाभारतावरचं आहे, धर्माच्या कपाटात. अध्यक्ष म्हणाले, "छे, ही समीक्षा." कार्यवाह म्हणाले, "अहो, ललित लेखन आहे ते!" दोघांची जुंपली ती दहा मिनिटं. मी गप्प. शेवटी मास्तरांनी मला विचारलं, "बाई, वाचायला आलेला माणूस कुठे शोधेल?" मी म्हटलं, "तो शोधणारच नाही, मला विचारेल. म्हणून पुस्तक कुठेही ठेवा, पण एकाच जागी ठेवा आणि तालिकेत दुसऱ्या विषयाखालीही नोंद करा." या उत्तरावर नोकरी मिळाली असं मला वाटतं. घरी मात्र मी सांगितलं होतं, की ८९१.४६ वर मिळाली.

तेव्हा वर्गीकरण चाळून जा, दाखल नोंदवही आणि तालिका यांतला फरक नीट सांगता येऊ द्या. तिथे 'ई-ग्रंथालय' किंवा 'कोहा'सारखी संगणक प्रणाली आहे का तेही आधी विचारून घ्या. नसेल तर मी दोन महिन्यांत सगळं संगणकावर आणते, असं शब्द देऊन बसू नका. वीस हजार पुस्तकांची नोंद करायला बसलात की समजतं.

खरी कसोटी पुढे लागते. दिवाळी अंकांचाच प्रश्न घ्या. अंक आळीपाळीने वाचायला देण्याच्या योजनेत दोनशे सभासद, 'मौज' आणि 'आवाज'ची प्रत एकेक, आणि प्रत्येकाला तो भाऊबिजेच्या आत हवा. काय कराल? इथे "समजावून सांगेन" हे उत्तर नव्हे. अंक किती दिवसांत परत, उशिराला दंड किती, नाव नोंदवायची वही कुठे, नोंदीचा क्रम अध्यक्षांच्या वहिनींसाठी मोडणार का, हे सांगा. शेवटचा मुद्दा हसत सांगा, पण सांगा. दुसरा प्रश्न अभ्यासिकेचा. स्पर्धा परीक्षेची मुलं पहाटे येऊन मित्राच्या खुर्चीवर दप्तर ठेवून जातात, उशिरा आलेला भांडायला तुमच्याकडे येतो. त्याला पक्कं असं उत्तर माझ्याकडेही नाही. अर्धा तास रिकामी राहिलेली जागा मोकळी धरायची, असा नियम आम्ही केला होता. तो दोन वर्षं टिकला.

बाईमाणूस म्हणून आणखी एक प्रश्न येईल : रात्री आठला बंद करून घरी कसं जाणार, लग्नानंतर काय? मला विचारला होता, पुढे माझ्यासमोर मी दुसऱ्या मुलींना विचारू दिला नाही. आला तर "माझी सोय मी बघते" एवढंच म्हणा. उलट तुम्हीच विचारा, की संध्याकाळी खिडकीवर मी एकटी असेन का, शिपाई किती वाजेपर्यंत असतो?

आणि पगार विचारा. लाजू नका. २०२२ च्या वाढीने 'ड' वर्गाच्या छोट्या वाचनालयाचं वार्षिक अनुदान तीस हजारांवरून अठ्ठेचाळीस हजारांवर गेलं. महिन्याला नव्हे, वर्षाला. त्यातले निम्मे पगारावर गेले असं धरलं तरी महिन्याचे दोन हजार होतात. 'अ' वर्गात परिस्थिती बरी, तालुक्याच्या ठिकाणी मधली. शिवाय अनुदान हप्त्याने येतं, हप्ता लांबला की पगार लांबतो. म्हणून वाचनालयाचा वर्ग कोणता, हप्ता अडकला तर संस्था स्वतःच्या पैशातून पगार देते का, हे कोषाध्यक्षांच्या तोंडावर विचारा. ते चपापतील, पण उत्तर देतील. या आकड्यांवर महाराष्ट्रातली वाचनालयं चालतात ती तिथल्या माणसांच्या जिवावर. याचं कौतुक फार झालं. मला त्यात कौतुकासारखं काही दिसत नाही.

निवड झाली, तर रुजू होण्याच्या दिवशी तुमच्यापुढे कागद येईल : अमुक इतकी पुस्तकं ताब्यात घेतली. मी आनंदाच्या भरात सही केली होती. सहा महिन्यांनी मोजणी झाली, तेव्हा तीनशेच्या वर पुस्तकं गहाळ निघाली, माझ्या आधीची, आणि मला वर्षभर खुलासे लिहावे लागले. दाखल नोंदवही शेजारी घ्या, एकेक कपाट ताडून पाहा, कमी भरलेल्या पुस्तकांची यादी त्याच कागदाला जोडून कार्यवाहांची सही घ्या, मग तुमची करा. आठवडा लागेल. लागू द्या.