संगणकाचें दुखणें आणि घरचा वैद्य

घरांत कोणाचें अंग तापलें म्हणजे आपण आधीं तापमापक लावतों, काय खाल्लें, कोठें भिजणें झालें, हें विचारतों, आणि मग औषधाची गोष्ट बोलतों. परंतु घरचा संगणक अडूं लागला कीं, तोच शहाणा मनुष्य दिसेल तें बटण दाबीत सुटतो. या घाईनें केवढा अनर्थ होतो, याचें एक उदाहरण आम्हीं जवळून पाहिलें आहे.

आमच्या परिचयाच्या एका घरीं संगणकाच्या पडद्यावर एकाएकीं तांबडी सूचना झळकली, कीं यंत्रांत विषाणू शिरले आहेत, या क्रमांकावर त्वरित दूरध्वनि करा. घरांतील आजोबांनीं तसें केलें. पलीकडच्या गोडबोल्या गृहस्थानें त्यांच्याकडून एक प्रोग्राम बसवून घेतला, दुरून संगणकाचा ताबा मिळविला, आणि शुल्क भरण्याच्या निमित्तानें बँकेचें खातें उघडविलें. पाहतां पाहतां खात्यांतील रक्कम नाहींशी झाली. वस्तुतः त्या यंत्रांत विषाणू मुळींच नव्हता! ती सूचना म्हणजे इंटरनेटवरील एक पान होतें. तें बंद केलें असतें तर सारें प्रकरण तेथेंच मिटलें असतें. त्याहून दुःखाची गोष्ट ही कीं, मुलें हंसतील या लाजेनें आजोबांनीं दोन दिवस कोणास कांहीं सांगितलें नाहीं, आणि पैसे अडविण्याची वेळ निघून गेली.

तात्पर्य, यंत्राच्या विषाणूपेक्षां आपल्या मनांतील भीति व लाज हींच अधिक घातक होत. त्यांवर उतारा एकच, आणि तो म्हणजे शांतपणें व क्रमानें केलेली परीक्षा.

प्रथम बिघाडाचा विचार करूं. यंत्र नीट चालत होतें तेव्हांपासून काय बदललें, हा पहिला प्रश्न. नवा प्रोग्राम बसविला असेल, नवें उपकरण जोडलें असेल किंवा वीज गेली असेल, तर शोध तेथूनच सुरू करावा. वायरी व प्लग घट्ट बसले आहेत कीं नाहींत तें पाहावें, आणि मग यंत्र पुन्हां सुरू करावें. त्यानें रॅम, म्हणजे तात्पुरती स्मृति, रिकामी होते व अडकून पडलेले प्रोग्राम संपतात. विंडोजमध्यें यासाठीं ‘शट डाउन’पेक्षां ‘रीस्टार्ट’ बरें. कारण ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असल्यास शट डाउन करूनही प्रणालीची पूर्वीची कांहीं अवस्था तशीच राहते. यंत्र मंद झालें असेल तर टास्क मॅनेजर उघडून कोणता प्रोग्राम भार घेत आहे तें पाहावें. डिस्क कांठोकांठ भरली आहे काय, पंख्यांत धूळ सांचून यंत्र तापतें काय, हेंही तपासावें.

कित्येक दुखणीं विषाणूसारखीं भासतात, पण तशीं नसतात. मेजावरील जुन्या संगणकाचें घड्याळ रोज मागें पडूं लागलें, व ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित आहे असें म्हणूं लागला, तर घाबरूं नये. मदरबोर्डावर नाण्याएवढी एक सपाट बॅटरी असते. बहुधा ती संपलेली असते. संकेतस्थळांचीं सुरक्षापत्रें ठराविक मुदतीचीं असल्यामुळें तारीख चुकली कीं ब्राउझर तीं नाकारतो. बॅटरी बदलून तारीख नीट केली कीं काम झालें. मात्र एका वेळीं एकच बदल करावा व तो वहींत टिपून ठेवावा. चार उपाय एकदम केले तर गुण कशानें आला, हें कळत नाहीं.

आतां विषाणूंकडे वळूं. संगणकाचा विषाणू हा मनुष्यानेंच लिहिलेला प्रोग्राम असतो. १९८६ सालीं लाहोर येथील दोघां भावांनीं लिहिलेला ‘ब्रेन’ फ्लॉपी डिस्कांबरोबर देशोदेशीं गेला. मे २००० मध्यें ‘आय लव्ह यू’ प्रेमपत्राच्या मिषानें ई-मेलमधून आला, आणि कुतूहलानें सोबतची फाईल उघडणाऱ्यानेंच त्याला घरांत घेतलें. १२ मे २०१७ रोजीं ‘वॉनाक्राय’नें जगभरच्या यंत्रांतील फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली, इंग्लंडांतील अनेक रुग्णालयांस रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. ज्या भोंकांतून तो शिरला, तें बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च रोजींच दिलेली होती. परंतु पुष्कळांनीं ती बसविलीच नव्हती!

यावरून संरक्षणाचे नियम सहज निघतात. अद्ययावत दुरुस्त्या टाळूं नयेत. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, हें तें वापरणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर चालू ठेवावा. दोन विषाणुरोधक एकाच वेळीं पहाऱ्यास बसविले तर ते एकमेकांच्या कामांत अडथळा आणतात. चोरटे प्रोग्राम व अनोळखी पेनड्राइव्ह यांपासून दूर राहावें. प्रत्येक खात्यास निराळा पासवर्ड ठेवावा.

सर्वांत मोठा नियम प्रतींचा. महत्त्वाच्या फायलींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, व एक घराबाहेर असावी. नक्कल करून झाली कीं बाहेरची डिस्क काढून ठेवावी. कारण खंडणीखोर प्रोग्राम जोडलेल्या डिस्कसही कुलूप लावतो. यंत्र पुन्हां विकत मिळेल. आजीचें छायाचित्र मिळणार नाहीं.

इतकें करूनही विषाणू शिरलाच, तर आधीं इंटरनेट तोडावें, दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदलावे व संपूर्ण तपासणी करावी. तेवढ्यानें भागलें नाहीं तर विंडोज नव्यानें बसवावें. पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न लावतां बँकेस व १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावें.

विद्यार्थिमित्रहो, आपापल्या घरचे संगणकवैद्य बहुधा तुम्हीच असतां. वडील मंडळींची चूक झाली तर त्यांस हंसूं नका. ज्या घरीं चूक निःसंकोच सांगतां येते, त्या घरीं चोरास फार वेळ मिळत नाहीं.