गाठीमागचा हिशेब

वाणिज्य शाखेकडे वळलेल्या मुलाच्या भवितव्याविषयी परभणी, सेलू, मानवत येथील पालकांच्या मनात आज जी धास्ती आहे ती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. कारण रोजकीर्द लिहिणे, खतावणी करणे, ताळेबंद जुळविणे ही जी कामे आजवर दप्तरातल्या कारकुनाच्या हाती होती, ती संगणक आता निमिषार्धात उरकतो. परंतु व्यवहाराची नोंद ठेवणे आणि तयार मालास खर्च किती पडला हे निश्चित करणे ही भिन्न कर्मे आहेत, आणि दुसऱ्या कर्माची विद्या मुलाने आत्मसात करावी असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आपल्या परभणी जिल्ह्याच्या कापसातच याचे प्रत्यंतर पाहावे. समजा, एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्याने क्विंटलला ७,००० रुपये भावाने १०० क्विंटल कापूस घेतला आणि मजुरी, वीज, हमाली मिळून त्यावर २०,००० रुपये खर्चिले. त्यातून सुमारे ३४ क्विंटल रुई आणि ६३ क्विंटल सरकी निघते. बाकीचे तुटीत जाते. आता खर्च एक आणि माल दोन, तेव्हा कोणाच्या नावे किती टाकावयाचे? सरकीचे ३,००० रुपये भावाने होणारे १,८९,००० रुपये एकूण खर्चातून वजा केले, तर १७० किलोच्या २० गाठींवर ५,३१,००० रुपयांचा भार, म्हणजे गाठीस २६,५५० रुपये पडतात. पुढे सरकी क्विंटलमागे २०० रुपयांनी उतरली, की कापसाचा भाव तोच राहूनही गाठ ६३० रुपयांनी महाग पडते.

कारखान्याचे सर्व व्यवहार एकत्र सांभाळणाऱ्या ईआरपी या संगणक-प्रणालीत हे सारे गणित रोजच्या वजनाबरोबर आपोआप होते. मात्र रुईचा उतारा किती धरावा, ओलाव्याची घट कोठे दाखवावी, सरकीस कोणता भाव लावावा, हे तिला कोणीतरी जाणत्याने सांगावे लागते. चुकीचा उतारा भरला तर तितक्याच तत्परतेने चुकीची किंमत हाती येते, आणि तिच्यावर विसंबून मालक तोट्यात सौदा करून बसतो.

मालाचा खर्च, म्हणजे परिव्यय, ठरविण्याच्या या विद्येचे रीतसर शिक्षण १९४४ साली स्थापन झालेली, आणि १९५९ च्या कायद्याने मान्यता पावलेली इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अकाउंटंट्स ऑफ इंडिया ही संस्था सीएमए अभ्यासक्रमाद्वारे देते. बारावीनंतर फाउंडेशनची परीक्षा देता येते. पदवीधरास थेट इंटरमीजिएटला प्रवेश मिळतो. अभ्यास कठीण आहे, हे पालकांपासून लपवू नये. मात्र या विद्येची गरज कायद्यानेही मानली आहे: कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १४८ अन्वये केलेल्या नियमांत साखर उद्योगाचाही अंतर्भाव असल्याने, ठराविक उलाढालीवरील साखर कंपन्यांना परिव्ययाचे दप्तर ठेवणे बंधनकारक आहे.

संगणकाच्या बाजूस, मुंबईच्या फ्रॅपे कंपनीची ईआरपीनेक्स्ट ही मुक्त प्रणाली स्वतःच्या संगणकावर विनामूल्य बसविता येते. विद्यार्थ्याने तीत वरील उदाहरण मांडून पाहावे, आणि दिवाळीनंतर जिनिंगचा हंगाम भरात आला, की ओळखीच्या कारखानदाराची परवानगी काढून काही दिवस वजनकाट्यापाशी उभे राहावे. उतारा कसा बदलतो, हे तेथेच कळते.