नात्याबाहेरचे नाते : ज्येष्ठांच्या संबोधनांविषयी काही विचार

मोहोपाड्यात एखाद्या वयोवृद्ध गृहस्थाचे घर पूर्ण नावाने विचारले, तर ऐकणारा क्षणभर थबकतो. ‘नाना’ किंवा ‘आबा’ म्हटले की वाट तत्काळ दाखविली जाते. येथे नातेवाचक नाम विशेषनामाचे कार्य करते. हा निव्वळ शिष्टाचार आहे, असे म्हणून भागत नाही.

‘काका’, ‘मामा’ हे शब्द मुळात वक्तृसापेक्ष आहेत; माझा मामा माझ्या वडिलांचा मेहुणा असतो. ‘तात्या’, ‘अण्णा’, ‘नाना’ मात्र व्यक्तीला एकदा चिकटले की सर्वांसाठी सारखेच राहतात. पुतण्या, शेजारी, प्रसंगी वयाने थोर असलेला मनुष्यही तीच हाक मारतो. रामचंद्र पांडुरंग हे नाव मागे पडून १८५७ चा सेनानी तात्या टोपे म्हणूनच लोकस्मृतीत उरला. ‘अण्णा’ तर द्राविडी कुळातला. कन्नडमध्ये तो थोरला भाऊ, मराठी घरांत कित्येकदा वडीलच.

हे शब्द वयाचे मोजमाप करतात काय? याच परिसराचा दाखला पुरेसा आहे. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १९१२ चा. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर त्यांना हौतात्म्य आले, तेव्हा त्यांनी तिशी नुकतीच ओलांडली होती. तरीही कर्जत-खालापुरात ते ‘भाई कोतवाल’च. येथे ‘भाई’ वडीलपण सांगत नाही. बरोबरीच्या नात्याने मिळालेला अधिकार सांगतो. शेतकरी कामगार पक्षाच्या परंपरेतही ‘भाई’ याच अर्थाने रुळला. मात्र क्रियापद आदरार्थी बहुवचनीच : ‘भाई आले’. बरोबरी शब्दात, आदर प्रत्ययात, अशी ही मौजेची विभागणी आहे.

इंडोनेशियातही असाच भेद आढळतो. तेथे कोणाही आदरणीय पुरुषास ‘बापाक’, संक्षेपाने ‘पाक’, म्हणजे ‘वडील’ म्हणतात. परंतु स्वातंत्र्यलढ्यातील सुकार्नो जनतेचे ‘बुंग कार्नो’ झाले, आणि ‘बुंग’ हे भावाचे संबोधन आहे. पित्याऐवजी भाऊ निवडण्यामागील राजकीय आशय दोन्हीकडे जुळता दिसतो.

लोकसाहित्य संकलकास मात्र हे प्रेमळ शब्द अडचणीत टाकतात. प्रस्तुत लेखकाच्या मोहोपाड्यातील जुन्या टाचणवहीत एका दीर्घ कथनाखाली केवळ ‘आबांनी सांगितले’ एवढीच नोंद आहे. पुढे चौकशी केली, तेव्हा त्या आळीत तीन आबा होऊन गेल्याचे कळले.